शिवाजीनगरच्या कानशीचे उरलेले दात

मित्रांनो, माझे दात बघून हसू नका. मी एक जुनी कानस आहे. पोलादाची, हातभर लांब, एका अंगाने खरखरीत आणि दुसऱ्या अंगाने जरा सभ्य. बंगळूरच्या शिवाजीनगरात देवाप्पा नालबंदांच्या दुकानात माझं आयुष्य गेलं.

घोड्याचा खूर तुमच्या नखांसारखा वाढतो. देवाप्पा तो छाटायचे, मी घासून सपाट करायचे आणि मग त्यावर नाल बसायची. कौतुक मात्र सगळं नालेचं. तिला लोक दारावरसुद्धा टांगतात. दारावर टांगलेली कानस अजून माझ्या पाहण्यात नाही.

त्र्याण्णव साली माझे दात निम्मे झिजले. देवाप्पांनी नवी कानस मागवली. ती येईपर्यंतच माझी गरज होती, आणि नेमकी तेव्हाच कस्तुरी आली.

कस्तुरी म्हणजे रघुपतीची घोडी. तिच्या जटक्यातून, म्हणजे टांग्यातून, राजाजीनगरातली मुलं शाळेत जायची. एका सकाळी तिची नाल पडली. रघुपती मुलांच्या वसाहतीच्या फाटकाशी जाऊन म्हणाला, "कुदुरे लाळ बिद्दिदे, सार. स्वल्प लेट." कन्नडात नालेला लाळ म्हणतात; नाल पडलीय, थोडा उशीर होईल, एवढंच त्याचं म्हणणं. फाटकाशी उभे होते पालकांपैकी पद्मनाभराव. ते पुण्याहून नुकतेच आले होते आणि कन्नड अंदाजाने समजून घेत. त्यांना लाळ ऐकू आली. घोडी पायाने अडखळतानाही दिसली. लाळ आणि खूर! लाळ्या-खुरकूत! दुपारपर्यंत सगळ्या पालकांचं ठरलं : सोमवारपासून जटका बंद.

तो रोग गाई-बैलांसारख्या दुभंगलेल्या खुरांच्या जनावरांना होतो, घोड्याचा खूर अखंड असतो, हे पालकांना कोण सांगणार? जटका बंद झाला तर कस्तुरी विकावी लागणार होती. रघुपती हट्टाने कस्तुरीबरोबर पद्मनाभरावांनाही घेऊनच दुकानात आला.

देवाप्पा बेळगावकडचे. त्यांनी मराठीत स्वागत केलं. "या राव. लाळ पडली म्हणे?"

"तेच तर! किती दिवस गळतेय?"

"गळत नाही हो, ठोकावी लागते," देवाप्पांनी नवी नाल त्यांच्या हातावर ठेवली. "ही घ्या लाळ. पुसायला रुमाल देऊ?"

आतून देवाप्पांच्या बायकोचं, अंबूबाईंचं, हसणं ऐकू आलं. पद्मनाभरावही हसले, पण जागचे हलले नाहीत. "नाल समजली. मग घोडी मागचा पाय का उचलून धरतेय? नाल तर पुढची पडलीय."

देवाप्पांचं हसू थांबलं. त्यांनी मागचा पाय मांडीवर घेतला. तळव्याच्या मधल्या मऊ गादीशेजारच्या खाचेत तबेल्यातला चिखल आणि लीद कुजून काळी पडली होती. वास सुटला होता.

"रघू, जटक्याला रंग दोनदा दिलास. हिच्या पायाखाली कधी वाकून बघितलंस?"

"वेळ कुठं होता, अण्णा?"

"आता लंगडली की भरपूर मिळेल."

देवाप्पांनी सडलेला भाग छाटून खाचेत मोरचूद भरला. मग बाकी पायांचीही नाल काढून चारही खूर माझ्याकडे दिले. उन्हाळ्याने ते दगड झाले होते. माझा खरखरीत भाग घसरू लागला, तेव्हा देवाप्पांनी मला उलटी धरली. सभ्य बाजूला अजून दात होते. मी ठरवलं, जायचेच आहेत तर कस्तुरीच्या कामी जाऊ देत. घासलं. चौथा खूर सपाट झाला तेव्हा मी दोन्ही अंगांनी गुळगुळीत होते.

नव्याने नाल ठोकल्यावर कस्तुरीने चारही पाय जमिनीवर पूर्ण टेकवले.

सोमवारी जटका फाटकाशी उभा राहिला. पद्मनाभराव आधी खाली वाकले, चारही पाय स्वतः बघितले, मग मुलांना चढू दिलं. पुढे रोज तेच. "लाळ?" "इदे, सार." इदे म्हणजे आहे. शेजारी चक्रावून जात.

मित्रांनो, ज्यांच्याकडे घोडा आहे त्यांनी रोज त्याचा खूर उचलून खाच साफ करावी. ज्यांच्याकडे नाही, त्यांनीही आपलं ओझं वाहणाऱ्याच्या पायाखाली अधूनमधून वाकून बघावं. कंबर दुखेल, पण शोभेल.

आणि मला मोडीत काढलं नाही. देवाप्पांनी मला भट्टीत तापवून, ठोकून, खूर साफ करायची सुरी केली. आता दात नाहीत. धार आहे.