खिंडीतले चार दगड

नामसरायने दुर्बिणीची काच बाहीने पुसली आणि पुन्हा डोळ्याला लावली. म्हातारी पायवाट सोडून सरळ त्यांच्याच दिशेने चढत होती. एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी, आणि चाल तर शेजारणीकडे निघाल्यासारखी.

“दादा, ही आपल्याकडेच येतेय,” त्सोग कुजबुजला.

“गप रे. चुकली असेल एखादी शेळी.”

“शेळी शोधायला थर्मास कशाला लागतो?”

खिंडीखालच्या उतारावर, झुडपांच्या एकुलत्या एका पट्ट्यात खड्डा खणून, वर जाळी आणि जाळीवर गवत पसरून ते चौघे तीन दिवस पडून होते. तो, त्याचे दोन जवान त्सोग आणि बादराल, आणि अमेरिकन सार्जंट कीटिंग. मंगोलियाच्या आणि अमेरिकेच्या विशेष दलांचा हा दरवर्षीचा एकत्र सराव. काम ऐकायला सोपं. खालच्या रस्त्यावर नजर ठेवायची, जाणारी-येणारी वाहनं टिपायची, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत कोणालाही सापडायचं नाही. कोणालाही म्हणजे मेंढपाळांनाही. बारा वाजायला आता चाळीस मिनिटं उरली होती.

आणि या चाळीस मिनिटांवर नामसरायचं सगळं अडून होतं. दोन्ही सैन्यांनी मिळून काढलेल्या डोंगरी शाळेत मुख्य प्रशिक्षकाची जागा रिकामी होणार होती. ही चाचणी पार पडली की ती त्याचीच. नाही पडली, तर त्याचं वय एक्केचाळीस; पुढच्या वर्षी त्याला चाचणीला उभंही करणार नव्हते. उरलेली नोकरी गोदामात ब्लँकेटं वाटण्यात जायची. डोंगराशिवाय आपल्याला दुसरं काही येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

म्हातारी दहा पावलांवर थांबली. धापा टाकत एका दगडावर बसली.

“या बाहेर, पोरांनो. चहा निवतोय.”

कोणी हललं नाही. बादरालने तर श्वासही रोखून धरला.

“बरं, नका येऊ. पण अंगावर गवत ओढलं म्हणून माणसाची भूक लपत नाही, एवढं सांगून ठेवते.”

आधी कीटिंगला हसू फुटलं. त्याचे खांदे हलायला लागले, तशी वरची जाळीही हलली. नामसरायने जीभ चावली आणि जाळी बाजूला सारली.

म्हातारीचं नाव दुल्मा. तिचं तंबूघर खाली ओढ्यापलीकडे होतं. तुम्ही कोण, इथे काय करता, हे तिने विचारलंच नाही. आधी विचारलं, “जनावरं अंगाने भरली ना यंदा?”

“भरली, आजी. तुमचा शरद सुखाचा जातोय ना?” नामसरायच्या तोंडून सवयीने निघून गेलं. तोंडाला काळं फासलेला, अंगावर गवत बांधलेला माणूस कुशल विचारतोय म्हटल्यावर त्सोगने मान फिरवली.

तिने फडकं सोडून वाट्या काढल्या आणि खारट, दुधाळ चहाने भरल्या. कीटिंगने उजव्या हाताने वाटी घेतली आणि डावा हात कोपराला लावला, अगदी रीतीप्रमाणे. दुल्मा आजीने त्याच्याकडे पाहून मान डोलावली.

नामसरायला वाईट वाटत होतं, नाही असं नाही. पण त्याहून जास्त त्याला राहवत नव्हतं.

“आजी, आम्ही तुम्हाला दिसलो कसे?”

“दिसलात कुठे? हा पोरगा तोंड पुसत नाही तोवर मला अजून दिसत नाही.”

“कुत्र्याने वास काढला?” बादरालने विचारलं.

“माझं कुत्रं? त्याला स्वतःची शेपटी सापडत नाही.”

“मग काच चमकली असेल.”

“छे.”

“पक्षी उडाले?”

“पक्ष्यांना काय, ते कशानेही उडतात.” तिला मजा येत होती. चौघांची तोंडं पुरती बघून झाल्यावर तिने हनुवटीने वर खिंडीकडे दाखवलं. तिथे वाटसरूंनी एकेक दगड वाहून रचलेली मोठी रास होती, मधल्या काठीला निळी रेशमी पट्टी बांधलेली. “तो ओवो आहे ना, तिथे मी रोज सकाळी दूध शिंपडते. परवा बघते तर चार दगड नवे. बाकीच्यांवर दगडफूल चढलंय, आणि या चारांची मातीची बाजू वर. म्हणजे अंधारात ठेवलेले. चार माणसं खिंड चढून आली. खाली कोणी उतरलं नाही, धूर नाही, घोडं नाही. मग जातील कुठे? आज उठतील, उद्या उठतील म्हणून वाट पाहिली. आता म्हटलं, पुरे. माझ्या दाराशी माणसं तीन दिवस बिनचहाची राहिली तर लोक काय म्हणतील?”

नामसरायने वाटी खाली ठेवली. खिंड ओलांडण्याआधी त्याने बजावून सांगितलं होतं, गवताची काडी मोडायची नाही, खडा हलवायचा नाही, आणि ओवोला यावेळी मनातूनच नमस्कार करायचा.

“कोणी ठेवला?”

त्सोग आणि बादराल दोघांनीही बुटांकडे पाहिलं.

“हात आपसूक गेला, दादा,” त्सोग म्हणाला. “एकच ठेवला.”

“मीपण,” बादराल म्हणाला. “आई म्हणते, खिंड तशीच ओलांडली तर वाट रुसते.”

त्यांना झापायला नामसरायने तोंड उघडलं आणि मिटलं. सगळ्यात मागे, खुणा पुसत येणारा तो स्वतः होता. राशीशी पोचल्यावर त्यानेही इकडेतिकडे बघून एक दगड हळूच ठेवला होता.

“तिसरा माझा,” तो म्हणाला. “पण मग चौथा?”

कीटिंगचे कान लाल झाले. तो तुटक तुटक बोलत असे, पण बोलत असे.

“सात आठवडे मी पाहतो. प्रत्येक खिंडीत तुम्ही ठेवता. त्या रात्री तू नाही म्हणाला. मला वाटलं, आज कोणीच ठेवणार नाही. म्हणून तुमच्या सगळ्यांचा एक मी ठेवला.”

दुल्मा आजी इतकी हसली की तिला ठसका लागला. नामसरायला हसू आलं नाही. त्याला त्या गोऱ्या माणसाला मिठी मारावीशी वाटली, आणि एक लाथ घालावीशीही.

“दादा,” त्सोग हळूच म्हणाला, “अजून वीस-पंचवीस मिनिटं आहेत. कोणाला कळणार आहे?”

“माझ्याकडून नाही कळायचं,” वाट्या गोळा करत दुल्मा आजी म्हणाली. “आधीच्यांचं मी सांगितलं का कोणाला?”

कीटिंगने नामसरायकडे पाहिलं. “प्रमुख तू. तू म्हणशील ते.”

नामसरायने वाटीतला शेवटचा घोट घेतला, ती दोन्ही हातांनी परत केली आणि खिशातल्या वहीत सापडल्याची वेळ लिहिली.

दुपारी छावणीत तो मेजर शागदरसमोर उभा राहिला. शाळेचे मुख्य प्रशिक्षक तेच. नव्या वर्षात निवृत्त होणार होते. सहा वर्षांपूर्वी त्यांनी याच खिंडीत तीन दिवस काढले होते, कोणाला सुगावा लागू न देता. शाळेच्या भिंतीवर त्यांचा फोटो होता आणि नवीन पोरांना तो मुद्दाम दाखवत.

“तुकडी सापडली?”

“सापडली, साहेब. अकरा वीसला. एका मेंढपाळ बाईला.”

“नीट आठवून सांग. बारा वाजून गेले असतील.”

“अकरा वीस.”

“जागा जाईल, कल्पना आहे ना?”

“आहे, साहेब.”

मेजरांनी रकान्यात ‘अनुत्तीर्ण’ लिहिलं, सही केली आणि कागद बाजूला सारला. नामसरायने सलाम ठोकला. तो तंबूच्या दाराकडे वळला.

“नामसराय.”

“जी?”

मेजर टेबलाकडेच बघत होते.

“दुल्मा आजी चहात अजून तेवढंच मीठ घालते का रे?”

नामसराय दारात थबकला. नाव त्याने सांगितलं नव्हतं.

“घालते, साहेब,” तो म्हणाला, आणि बाहेर पडला.