नऊ नंबर खेळणार का?

सकाळी बायको त्यांच्या शर्टाला इस्त्री करत होती, तेव्हा लेकीचा फोन आला. हात मोकळे नव्हते म्हणून तिनं फोन स्पीकरवर टाकून टेबलाच्या कडेला ठेवला. लेक राष्ट्रीय फुटबॉल संघाची फिजिओथेरपिस्ट होती. संघाचा मुक्काम हॉटेलात होता आणि संध्याकाळी उपांत्यपूर्व फेरीचा सामना होता. हरेल तो संघ थेट घरी जाणार.

"वेळेवर जेवतेस ना?" आई विचारत होती, तेवढ्यात पलीकडे कुणीतरी दार ढकलून आत आलं. "नऊ नंबरचे रिपोर्ट आलेत. मांडीचा स्नायू फाटलाय, आज तो खेळत नाही. बाहेर कुणाला कळू द्यायचं नाही, असं कोच म्हणालेत."

मग लेकीनं आवाज खाली आणून विचारलं, "आई, बाबा आहेत का तिथे?"

"नाहीत गं, अंघोळीला गेलेत."

तिला तसंच वाटत होतं. पण ते अंघोळ उरकून दारात उभे होते, टॉवेल खांद्यावर टाकून. फोन ठेवून ती वळली तेव्हा तिला ते दिसले.

"ऐकलंत?"

"काय?"

"काही नाही," ती म्हणाली आणि कॉलरवरून पुन्हा एकदा इस्त्री फिरवली.

त्यांनी बरीच वर्षं देशाच्या संघाचं गोलरक्षण केलं होतं. लोक त्यांना अजूनही भिंत म्हणूनच ओळखत. आता ते एका वाहिनीवर सामन्याआधीच्या कार्यक्रमात बसत आणि कोण खेळेल, कसं खेळेल ते सांगत. या स्पर्धेत त्यांचा एकही अंदाज चुकला नव्हता. लेकीला संघात काम मिळालं तेव्हा बापाच्या वशिल्यानं लागली, असं बोलणारे पुष्कळ होते. आतली गोष्ट बाहेर फुटली तर पहिलं बोट तिच्याकडेच दाखवलं जाईल, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

गाडीत त्यांनी विचार केला. सांगता येत नाही, एवढंच म्हणावं का? पण इतक्या वर्षांत ते कधी तसं म्हणाले नव्हते. आज म्हणाले तर पाणी कुठंतरी मुरतंय, हे कुणाच्याही लक्षात आलं असतं. सिग्नल सुटला तरी त्यांची गाडी जागची हलली नाही. मागच्यानं हॉर्न वाजवला.

स्टुडिओत मोठ्या पडद्यावर हिरवं मैदान होतं आणि बाजूला खेळाडूंच्या जर्सीची चित्रं. बोटानं ओढून ती मैदानात लावायची. शेजारच्या खुर्चीत लंब्या होता. दोघं एकाच संघात खेळले होते. लंब्या डाव्या बाजूनं पळायचा आणि हे मागून त्याच्या नावानं बोंबलायचे.

"सर, सगळ्यांचा एकच प्रश्न," निवेदिका म्हणाली. "नऊ नंबर खेळणार का?"

त्यांनी नऊ नंबरची जर्सी ओढली आणि सगळ्यात पुढे नेऊन ठेवली.

"खेळणार. त्याच्याशिवाय हा संघ उभाच राहत नाही. समोरचा गोलकीपर उंच चेंडूला पुढे यायला कचरतो. उजवीकडून क्रॉस आला की नऊ नंबरचं डोकं तिथे हवंच."

"मला नाही वाटत," लंब्या म्हणाला. "कालच्या सरावाची चित्रफीत बघा. सगळे शॉट मारतायत आणि हा नुसता चालतोय. उजवा पाय एकदाही चेंडूला लावला नाही त्यानं."

"दमलेल्या खेळाडूला जपतात, लंब्या. तुला कुणी कधी जपलं नाही म्हणून तुला माहीत नाही."

निवेदिका हसली. लंब्याही हसला, पण त्यानं हेका सोडला नाही. भिंतीनं त्याचा प्रत्येक मुद्दा खोडून काढला. त्यांचा आवाज चढला होता.

जाहिराती लागल्यावर लंब्यानं कॉलरचा माइक मुठीत झाकला.

"तू एवढं बोलत नाहीस कधी," तो म्हणाला. "लेकीनं काही सांगितलंय का?"

"तिनं मला काहीही सांगितलेलं नाही."

ते खरं होतं.

"मला जे दिसलं ते मी बोलणार," लंब्या म्हणाला. "पण तिचं नाव माझ्या तोंडी येणार नाही."

"बोल ना. मी कुठे अडवतोय?"

ब्रेकनंतर दोघं आपापल्या मतावर ठाम राहिले.

सामन्याच्या थोडं आधी संघ जाहीर झाला. नऊ नंबर नव्हता. मोबाइलवर थट्टेचा पाऊस पडला. भिंतीला तडा गेला, असं कुणी लिहिलं; आता प्लास्टर करून घ्या, असं दुसऱ्यानं. संघ दुखापत लपवू शकला, पण त्याचा फारसा उपयोग झाला नाही. नऊ नंबरच्या जागी आलेल्या खेळाडूनं दोन सोप्या संधी घालवल्या आणि सामना एका गोलनं गेला.

हॉटेलात संघ व्यवस्थापकानं सगळ्यांना बोलावून विचारलं, लंब्याला कुणी सांगितलं? कुणीतरी लेकीकडे पाहिलं. त्यावर कोचच म्हणाले, "हिनं सांगितलं असतं तर हिच्या बापाची अशी फजिती झाली असती का?" विषय तिथेच संपला.

स्पर्धा पुढे चालू राहिली, पण उपांत्य फेरीच्या कार्यक्रमाला वाहिनीनं फक्त लंब्याला बोलावलं. निर्मात्यानं फोनवर, "सर, या वेळी जरा वेगळा विचार करतोय," असं सांगितलं. ते बरं म्हणाले आणि त्या दुपारी बायकोबरोबर पडदे धुवायला काढले.

लेक घरी आली ती दमून, पण बोलायला आतुर होऊन. व्यवस्थापकाची चौकशी, कोचचं उत्तर, सगळं तिनं चहा घेता घेता सांगितलं. मग म्हणाली, "पण बाबा, राग मानू नका. लंब्याकाकांना जे दिसलं ते तुम्हाला कसं नाही दिसलं? तो धड चालतही नव्हता हो."

"वय झालं," ते म्हणाले.

"असं काय! नीट बघायचं होतंत." तिला मनापासून वाईट वाटत होतं. बायकोनं मान वर केली, नवऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

"थांबा, मी दाखवते." लेकीनं चित्रफीत लावली आणि बोट ठेवून सांगू लागली, वजन कुठल्या पायावर पडतंय, वळताना तो कंबर कशी आवळतो. ते चष्मा लावून पुढे झुकले.

"परत दाखव," ते म्हणाले. "हे वळणं मला खरंच दिसलं नव्हतं."