इच्छुक नाही

सोडत अकराला होती. दहा वाजून वीस मिनिटांनी घरवाटप कार्यालयाच्या खिडकीशी एक म्हातारे गृहस्थ येऊन उभे राहिले. सार्वजनिक बागेत माळीकाम करून निवृत्त झालेले, काठी टेकत दोन बस बदलून आलेले.

"बाई, भिंतीवरच्या यादीत माझं नाव सापडत नाही. डोळे गेलेत की नाव गेलंय, तेवढं बघा."

खिडकीमागच्या कारकूनबाईंनी अर्जाचा क्रमांक संगणकात घातला. नाव गेलं होतं. पुढे शेरा होता: 'उत्तर नाही. इच्छुक नाही. बाद.' दहा दिवसांपूर्वी एका दुपारी तो शेरा बाईंनीच मारला होता, एका बटणासरशी सदतीस जणांना.

"काका, घर हवंय का म्हणून तुम्हाला मेसेज गेला होता. सात दिवसांत उत्तर द्यायचं होतं."

"आलाय की!" माळीकाकांनी खिशातून बटणांचा फोन काढला. "रोज उघडून बघतो. खाली अक्षरांची लांबलचक ओळ आहे. ती दाबली की काहीच होत नाही. म्हटलं, घर लागलं की होईल."

बाईंनी बाद झालेल्यांची यादी उघडली आणि वरून एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. पहिली जिने झाडणारी होती. तिला वाचता येत नव्हतं. दुसऱ्याला दिसत नव्हतं. तिसरीनं अर्जावर दिलेला नंबर तिच्या जुन्या मालकिणीचा निघाला. घर नको, असं तिघांपैकी कोणीच म्हटलं नव्हतं.

चौथं नाव वाचलं आणि बाईंचा हात फोनवरच थांबला. ती त्यांची नणंद होती.

नवऱ्याची थोरली बहीण. लाँड्रीत इस्त्री करायची. चौथ्या मजल्यावर दीड खोली, लिफ्ट नाही, आणि तिचा नवरा अर्धांगवायूनं दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला. मागच्या साली ती या टेबलाशी येऊन म्हणाली होती, "फाइल तुझ्याच हाताखाली आहे ना? जरा वर सरकव." बाईंनी नकार दिला. चार लोकांसमोर वाजलं, तेव्हापासून दोघींत बोलणं नव्हतं.

बाई यादीचा कागद घेऊन साहेबांच्या खोलीत गेल्या आणि सगळ्यांना विचारून होईतो सोडत थांबवा म्हणाल्या. साहेबांनी यादीवरून नजर फिरवली आणि चौथ्या ओळीवर बोट ठेवलं.

"या तुमच्याशी भांडून गेलेल्या ना? कोण तुमच्या?"

"नणंद."

"झालं! कारकुनाच्या नणंदेसाठी सोडत थांबवली, असं उद्या छापून येईल. सोडतीचे पाहुणे पाच मिनिटांत पोचतायत." साहेबांनी पेन उघडलं. "एक करा. हे नाव खोडा. उरलेल्या छत्तीस जणांना पुन्हा घ्यायला मी आत्ता सही करतो."

छत्तीस माणसं एका सहीत परत येत होती. बाई "बघते" म्हणून बाहेर आल्या आणि जिन्याच्या कोपऱ्यात उभं राहून त्यांनी फोन लावला.

"वन्सं, मी बोलतेय."

"बोल."

"घराचा मेसेज आला होता का?"

"आला होता. उघडला तर पान नुसतं गरगर फिरत राहिलं. तुला विचारणार होते."

"मग?"

"तोंड कुठं होतं विचारायला?"

बाईंनी काय झालं ते सांगितलं. साहेबांची अटही सांगितली.

"मग काय करणार आहेस?"

"कळत नाहीये."

"तुझे नियम तुझ्यापाशी. मला ह्यांना खाली उतरवायचंय, एवढंच कळतं." फोन बंद झाला.

अकराला पाच कमी होती. बाईंनी यादी भिंतीवर टेकवली आणि वर ठसठशीत अक्षरांत लिहिलं: 'क्रमांक चार माझी नणंद आहे. तिचा अर्ज दुसऱ्यानं तपासावा.' एकही नाव खोडलं नाही.

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. स्टेजवर चिठ्ठ्यांचा काचेचं पिंप, मागे पाहुणे. बाई स्टेजवर चढल्या.

"साहेब, सदतीस आहेत," त्या म्हणाल्या. साहेबांनी मान फिरवली. बाईंनी माइक ओढला आणि वरची ओळ वाचली, मग सगळं सांगितलं.

"नणंदेसाठी नाटक!" कोणीतरी ओरडलं. "खाली उतरा!"

"नणंद आहेच," बाईंचा आवाज चिरकला. "आणि बादही मीच केलंय तिला. सगळ्यांना. फोन न करता, नावं न बघता."

गलका वाढला. साहेब माइककडे येऊ लागले. तेवढ्यात मागून माळीकाकांनी फोन धरलेला हात उंच केला.

"अहो, मी तर हिच्या नात्यातला नाही ना? मग माझं नाव कुठंय?"

काहीजण हसले. मग दारापाशी आणखी एक बाई उभी राहिली, तिच्यामागे कुबड्या घेतलेला एक माणूस. "आमचंही नाही." पाहुणे साहेबांच्या कानाशी लागले. साहेबांनी घाम पुसला आणि सोडत आठ दिवस पुढे ढकलली.

सदतीस जणांना दुसऱ्या कारकुनानं फोन केले, लागला नाही तिथं शिपाई घरी गेला. एकतीस जणांना घर हवं होतं. यापुढे माणसानं माणसाला विचारल्याशिवाय कोणाला बाद करायचं नाही, असा लेखी आदेश निघाला. बाईंना नोटीस मिळाली आणि तळघरातल्या जुन्या फायलींत बदली.

सोडतीत माळीकाकांना घर लागलं. नणंदेला लागलं नाही. तळमजल्याच्या प्रतीक्षायादीत तिचा नंबर दुसरा आला.

संध्याकाळी तिचा फोन आला. "दुसरा नंबर म्हणजे किती दिवस?"

"सांगता येत नाही, वन्सं. महिने लागतील. वर्षही."

"हं. तळघरात टाकलं म्हणे तुला. तिथं उजेड तरी आहे का?"

"एक ट्यूब आहे."

"डोळे सांभाळ," नणंद म्हणाली. "आणि भावाला फोन दे, त्याच्याशीही वर्षभर बोलले नाहीये."