रस्ता बघून गाडी

लेकीच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं कुणी म्हटलं असतं तर ते खोटं ठरलं असतं. ते राहून गेलेलं नव्हतं, त्यांनीच ठेवलेलं होतं. शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात त्यांनी स्वतःच्या हाताने ते पत्र घातलं होतं, आणि रोज सकाळी चहाच्या कपाला जागा करायला तो खंड बाजूला सरकवताना ते आत आहे हे त्यांना पक्कं ठाऊक असायचं. ‘बाबा, बाळाला गाडी अजून घेतलेली नाही,’ लेकीने लिहिलं होतं. ‘कडेवर घेऊन हात भरून येतात. पण तुम्ही सांगाल तीच घेऊ.’ पत्र आलं तेव्हा बाळ मान धरायला शिकत होतं. आता ते बसायला लागलं होतं, हे बायकोच्या फोनवरच्या बोलण्यातून त्यांच्या कानावर पडलं होतं.

छापखान्यात मुद्रितं तपासण्यात त्यांचा जन्म गेला. दुसऱ्यांच्या चुका शोधता शोधता आपली चूक निघेल याची अशी धास्ती बसली, की बोलणंच कमी झालं. छापखान्यात त्यांना ‘तळटीप’ म्हणत. आवाज बारीक, आणि तोही सगळ्यांचं बोलून झाल्यावर. पुढे हे नाव बायकोलाही कळलं आणि मग ते घरातही नांदायला आलं.

अशा माणसाच्या घरी बडबडी मुलगी जन्मली. तिला सगळे माऊ म्हणत. शाळेत असताना एकदा तिला सहलीला जायचं होतं आणि बाबा हो किंवा नाही काहीच बोलेनात, तेव्हा तिने एक चिठ्ठी लिहून त्यांच्या चष्म्याच्या घरात ठेवली. उत्तर दुसऱ्या दिवशी तिच्या दप्तरात निघालं, चांगलं दोन पानी. तेव्हापासून बापलेकीत रिवाजच पडला. मीठ-साखर, लाइट-पाणी तोंडी. महत्त्वाचं असेल ते पत्राने. कॉलेज कुठलं घ्यायचं, नोकरी सोडायची, अमक्या मुलाशी लग्न करायचं आहे, सगळं एकाच छपराखाली लिहून झालं. ‘पोस्टमनला उपाशी माराल,’ असं बायको म्हणायची. लग्नानंतर माऊ चार गल्ल्या पलीकडे राहायला गेली, तरी पत्रं थांबली नाहीत. येताजाता ती दाराच्या फटीतून सरकवून जाई.

बाळाची चाहूल लागल्यावर असंच एक पत्र आलं. ‘बाबा, बाळाची गाडी तुम्ही निवडायची. घाई नाही, पण नीट बघून. ह्या बाबतीत दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही.’

भरवसा हा शब्द त्यांनी दोनदा वाचला. शुद्ध होता.

दुसऱ्याच दिवशी ते कामाला लागले. दुकानात जाण्याआधी रस्ता बघायचा, असं त्यांनी ठरवलं. लेकीच्या दारापासून आपल्या दारापर्यंत, आणि आपल्या दारापासून बागेपर्यंत, कारण सकाळी बाळाला बागेत न्यायचं काम आपलंच, हे त्यांनी मनाशी धरून टाकलं होतं. फुटपाथवर कुठल्या फरश्या हलतात, गटाराचं झाकण कुठे वर आलंय, औषधाच्या दुकानापाशी कडा किती उंच आहे, सगळं त्यांनी शिवणाची टेप घेऊन मापलं. लोक बघायला लागले की टेप खिशात आणि नजर आभाळात.

“अहो तळटीप,” बायको म्हणाली, “नातवंडासाठी गाडी घेताय की पूल बांधताय?”

“गाडी बाळ बघून घ्यायची नसते. रस्ता बघून घ्यायची असते.”

“ऐका! आणि हे कळलं कुठून?”

“मलाच सुचलं,” ते म्हणाले, आणि इतकं ठाम बोलल्याबद्दल त्यांचे त्यांनाच कान गरम झाले.

मग दुकान. बाळ नसताना गाडी तपासायची कशी? त्यांनी शब्दकोशाचे दोन खंड शालीत गुंडाळून नेले आणि एकेका गाडीत निजवून ते इकडून तिकडे फिरू लागले. एक बाई कौतुकाने वाकली, शाल जराशी बाजूला करू लागली. “किती महिन्यांचं हो?”

त्यांची बोबडी वळली. “दुसरी आवृत्ती,” ते म्हणाले.

दुकानातली मुलगी इतकी हसली की तिला काउंटर धरावा लागला. त्या दिवसापासून ती त्यांना ओळखू लागली.

शेवटी त्यांचं मन एका गाडीवर बसलं. चाकं मोठी, हवा भरलेली, खाली स्प्रिंगा, पाळण्यासारखी खोल. दुकानाच्या पायरीवरून चढवली तरी आतला शब्दकोश हलत नव्हता. रविवारी लेक, जावई आणि बायको चहाला बसलेले असताना त्यांनी चित्र दाखवलं.

“छान आहे,” जावई म्हणाले. जावई सभ्य होते, सगळ्यालाच छान म्हणत. “फक्त... दुमडते का, बाबा?”

“दुमडते. थोडी.”

“थोडी म्हणजे?”

“म्हणजे झुकते.”

“जडही दिसते,” बायको म्हणाली. “ती हलकी, काठीसारखी होणारी असते बघा, तशी का नाही घेत?”

“तिची चाकं बारीक आहेत. औषधाच्या दुकानापाशी अडकतील.”

माऊ कपात बघत होती. “बघू या ना, बाबा. घाई काय आहे?”

त्यांनी मनात टिपून ठेवलं की दुमडणं हा सर्वांच्या काळजीचा विषय दिसतो. लेकीच्या इमारतीतली लिफ्ट लहान आहे म्हणून असेल. दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांनी लिफ्टचं दार मापून आणलं. मोठी गाडी सहज मावत होती. आता शंकेला जागा नाही, असं वाटून ते एकटेच दुकानात गेले.

दुकानातल्या मुलीने त्यांना लांबूनच ओळखलं. “या काका! आज आवृत्ती नाही आणली? बरं झालं आलात, तुमची गाडी आलीये कालच.”

“मी अजून सांगितलं कुठे?”

“ताई सांगून गेल्या होत्या ना.” तिने आतून एक पिशवी आणली. पिशवीतून काठ्यांची जुडी निघाली, आणि एका हिसक्यात तिची गाडी झाली. बारीक चाकांची. “हीच एक विमानात डोक्यावरच्या कप्प्यात मावते. सामानात टाकावी लागत नाही. ताईंनी तेवढंच विचारलं होतं.”

“तुमची काहीतरी गल्लत होतेय. कुठल्या ताई?”

“तुमची मुलगी हो. काकूपण होत्या की बरोबर. तुमच्या शब्दकोशाचं सांगितलं तर काकू किती हसल्या! मग डोळे पुसत होत्या.” मुलीचा हात गाडीवरच थांबला. “काय झालं, काका? पाणी देऊ?”

त्यांनी पाणी घेतलं नाही. उगाच तिचे आभार मानले. घरी येताना औषधाच्या दुकानापाशी त्यांना ठेच लागली. त्या कडेची उंची त्यांना तोंडपाठ होती.

बायको धुतलेले कपडे घड्या घालत होती.

“कधी जाणार आहेत?” त्यांनी विचारलं.

तिची घडी अर्धीच राहिली. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

कुठे, कोण, काय म्हणताय, यातलं काहीही ती विचारू शकली असती. ते तिने विचारलं नाही, तिथेच सगळं कळलं.

“तिच्या नवऱ्याला परदेशात मोठी जागा मिळालीये,” ती म्हणाली. “बाळंतपण तिकडेच. तिच्या सासूबाई जाणार आहेत मदतीला. मी सांगणारच होते, पण तुम्ही मनाला किती लावून घेता! लग्न होऊन चार गल्ल्या पलीकडे गेली तर आठवडाभर जेवला नव्हतात.”

“मग गाडी कशाला निवडायला लावली?”

ती अर्ध्या घडीवरूनच हात फिरवत राहिली.

“अगं, विचारतोय मी.”

“माऊ म्हणाली, बाबा कशात तरी गुंतलेले बरे. तेवढेच दिवस सुखाचे जातील.”

तो रस्ता, ती टेप, शालीत गुंडाळलेले खंड. लहान मुलाला खुळखुळा देऊन मोठ्यांनी आतल्या खोलीत बोलावं, तसं झालं होतं. जावयांनाही ठाऊक, विहिणीलाही ठाऊक. सगळ्या घराने मिळून केसाने गळा कापला होता, आणि तोही किती मायेने! त्यांना ओरडायचं होतं. पण ओरडायची कधी सवय नव्हती, आणि आवाज फाटला तर काय, या भीतीने ते नुसतेच उभे राहिले. मग तिच्या हातातली घडी त्यांनी घेतली, पुरी केली आणि आपल्या खोलीत गेले.

संध्याकाळी माऊ धावत आली. दाराशीच रडायला लागली. “बाबा, बोला ना काहीतरी. वाटेल ते बोला.”

त्यांनी चष्मा काढला. “लिहायचं होतंस.”

“चार वेळा लिहायला घेतलं. जमलं नाही.”

“गाडीचं जमलं.”

ती त्यांच्या गुडघ्याशी बसून राहिली. त्यांचा हात तिच्या डोक्याकडे गेला आणि मध्येच वळून चष्मा पुसू लागला.

काठीची गाडी मग कुणीच घेतली नाही. ती मंडळी गेली त्या दिवशी ते फाटकापर्यंत आले, ‘सांभाळून’ म्हणाले आणि आत वळले. पुढे बाळ झालं, नात झाली. बघता बघता बायकोचा फोन फोटोंनी भरला. तिने फोन पुढे केला की ते बघायचे, ‘छान आहे’ म्हणायचे आणि आपण जावयासारखे बोललो असं वाटून गप्प व्हायचे. आणि मग ते पत्र आलं, आणि दुसऱ्या खंडात गेलं. कसला भरवसा, असं त्यांच्या मनात येई. एकदा तसंच सांगून फसवलं, आता पुन्हा तेच? हाही खुळखुळाच नसेल कशावरून?

एका सकाळी बायको भाजी घेऊन आली ती पिशवी न ठेवताच म्हणाली, “चला, तुम्हाला एक गंमत दाखवते.”

“मला नको गंमत.”

“चला म्हणते ना.”

औषधाच्या दुकानापाशी माणसं काम करत होती. फुटपाथ सबंध उखडून नवा घातलेला, हलणाऱ्या फरश्या गेलेल्या. गटाराचं झाकण जमिनीला टेकलेलं. उंच कडेच्या जागी गुळगुळीत उतार होता, आणि त्यावरून एक बाई बारीक चाकांची गाडी एका हाताने ढकलत, दुसऱ्या हाताने फोन धरून निघाली होती.

“गेला तुमचा रस्ता,” बायको म्हणाली. तिला चिडवायचं होतं, पण भाजीची पिशवी ती उगाच या हातातून त्या हातात घेत राहिली. “आता कुठलीही गाडी चालली असती.”

ते वाकले. ती कडा होती तिथे त्यांनी हात ठेवून बघितला. इतके महिने ते रोज मनातल्या मनात याच रस्त्यावरून ती मोठी गाडी ढकलत होते. कडेशी थांबवायची, दांडी खाली दाबायची, पुढची चाकं अलगद वर. आत नात. आणि तो रस्ताच आता नव्हता. नातीचा रस्ता कुठेतरी दुसरीकडेच होता. तिथे कडा होत्या की उतार, चढ होता की पायऱ्या, त्यांना काही म्हणता काही ठाऊक नव्हतं. माऊने लिहिलं नव्हतं. त्यांनी विचारलं नव्हतं.

“तिथे कसा आहे गं रस्ता?” ते म्हणाले.

“कुठे?”

“त्यांच्याकडे.”

बायकोने त्यांच्याकडे नीट बघितलं. “मला काय माहीत? फोनमध्ये रस्ता कुठे दिसतो? नुसते चेहरे दिसतात.”

घरी येऊन त्यांनी दुसरा खंड उघडला आणि टेबलाशी बसले. एरवी साध्या चिठ्ठीचाही ते आधी कच्चा खर्डा करत. आज सरळ पक्क्या कागदावरच लिहिलं.

‘चि. माऊस, आशीर्वाद. मी रागावलो होतो. राग अजून आहे. तुम्ही गेलात म्हणून नाही, मुलं जातातच. मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तू मला चुकीचा रस्ता मापायला लावलास, म्हणून. तो राग जाईल की नाही, मला सांगता येत नाही. तुला बरं वाटावं म्हणून जाईल असं लिहिणार नाही. आपण पत्रात खोटं लिहीत नव्हतो.

गाडीचं विचारलं आहेस. रस्ता कळल्याशिवाय मी काही सांगू शकत नाही. तुझ्या दाराला पायऱ्या किती, कडा किती उंच, फरशी की खडी, जवळ बाग आहे का आणि वाटेत काय काय लागतं, ते लिही. स्वतः मापून लिही, अंदाजपंचे नको. तोवर हात भरून येत असतील तर उजवा-डावा बदलत जा.’

त्यांनी पाकीट चिकटवलं, चपला घातल्या.

“एकदा वाचून तरी बघा,” बायको दारातून म्हणाली. “चूकबीक राहिली असेल.”

“राहू दे,” ते म्हणाले.

नव्या फुटपाथवरून ते पोस्टाच्या पेटीपर्यंत गेले. पाय अजून जुन्या कडेच्या जागी उंच उचलला जात होता. पाकीट पेटीच्या तोंडात अर्धं सरकवून ते क्षणभर थांबले, मग सोडून दिलं. ते आत पडल्याचं ऐकू आलं, तरी ते थोडा वेळ तिथेच उभे होते.