खुणेपलीकडे चार बोटं

बाबांचा हात थरथरू लागला आणि आमच्या कारखान्याचा ठसा कोणाकडे जाणार, हा प्रश्न उभा राहिला. तलवारीच्या पात्यावर, मुठीजवळ तो उमटवायचा. ज्याच्याकडे ठसा, त्याचाच शब्द शेवटचा. मी मुलगा; मला वाटायचं, यात विचारायचं काय? पण बाबांनी सांगितलं, मी आणि दाजींनी एकेक पातं घडवायचं. ज्याचं सरस, ठसा त्याचा.

दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. आमच्याकडे येण्याआधी विळे-कोयते घडवायचे. आठ वर्षांत असे तयार झाले की गिऱ्हाईक दारातूनच विचारायचं, दाजी आहेत का? समोर मी घण घेऊन उभा, पण जणू छपराचा खांब. बाबा माझ्या ऐरणीपाशी चारदा थांबायचे, दाजींच्या एकदाही नाही. चूक दिसली की थांबायची त्यांची सवय. माझ्या पोटातल्या भट्टीला मग भात्याची गरज नव्हती.

परीक्षा घ्यायची ती ओट्यावर ठोकलेल्या जाड फळीवर. पात्याचं टोक दोन खुंट्यांत अडकवायचं आणि मुठीकडून धरून, छिन्नीने कोरलेल्या खुणेपर्यंत वाकवायचं. सोडल्यावर सरळ झालं तर पास. आपलं पातं आपण वाकवायचं नाही, हा नियम. म्हणून दाजींचं पातं माझ्या हातात आलं.

खुणेपर्यंत ते कुरकुर न करता आलं. तिथे थांबायला हवं होतं. दारात बहीण उभी होती, तिच्या लक्षात आलं.

"अरे, खूण गेली की."

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आणखी चार बोटं ओढलं. तुटू दे, एवढंच मनात होतं.

हात सोडला. पातं थरथरलं आणि सुतासारखं सरळ झालं.

बाबा उठले, पातं जिथवर गेलं होतं ती जागा मला दाखवायला लावली आणि तिथे छिन्नीने नवी खूण कोरली. म्हणाले, "यापुढे इथपर्यंत. सगळ्यांनाच."

मग माझं पातं लागलं, वाकवणारे दाजी. जुन्या खुणेवर त्यांनी हात थांबवला आणि माझ्याकडे पाहिलं. नजरेत ना राग, ना टोमणा. मला वाचवायला निघाले होते. त्यांच्या कसबापेक्षा ती दया जास्त झोंबली.

"ओढा, दाजी," मी म्हटलं. "खूण तिथे नाही आता."

दोन बोटं पुढे गेलं आणि मधोमध तुटलं.

बाबांनी ठसा दाजींच्या हातात ठेवला. मी तुकडे उचलून पाहिले. तुटल्या जागी लोखंडाचा दाणा साखरेसारखा जाड. लोखंड फार तापवलं होतं मी. किती तापवायचं, हे दाजींना विचारायला मला पंधरा दिवस लागले. त्यांनी निखाऱ्यांचा रंग दाखवत नीट समजावलं. मी मान डोलावत होतो, पण डोळे त्यांच्या कमरेला लटकणाऱ्या ठशावर होते.