परातीतलं पाप

भेस्तानच्या मैदानात काळशिळा बाबा परात घुसळत होता आणि सगळी चाळ माना उंचावून बघत होती. परातीत दोन ओंजळी क्रोमाइटचा मातकट चुरा. स्टील बनवायला लागतो तो दगड, पण यात वाळूच इतकी की कारखाने फुकटसुद्धा घेईनात. बाबानं वरून पाणी सोडलं आणि "ॐ ह्रीं शिळाय फट्!" अशी आरोळी ठोकली.

"बघा, पाप वाहून चाललं!"

तपकिरी पाणी चारीत गेलं. तळाशी काळा कुळकुळीत चुरा चमकला.

"चमत्कार छे!" गुजराती पानवाला छगन हरखून ओरडला.

"हेच मंतरलेलं पाणी घरी शिंपडा. अख्खं पोतं असंच शुद्ध! मग सचिन वसाहतीतले कारखानदार दारात रांग लावतील," बाबा विकायच्या पोत्यांकडे बोट दाखवत म्हणाला.

कापडाच्या लूमवर राबणाऱ्या निंबाच्या मुठीत बायकोची मंगळपोत होती. गाठवायला काढलेली ती त्यानं गुपचूप उचलली होती. मंगळपोतीच्या बदल्यात बाबाकडून दहा पोती चुरा, मग लूमला कायमचा रामराम!

त्याच्या बायकोला, उषाबाईंना, ती मूठ दिसली. पण आज सोमवार, दिवस मावळेपर्यंत मौन. त्या बाबाच्या मनगटाकडे बघत राहिल्या. अगं बाई, हे तर रोळणं! नैवेद्याचे तांदूळ त्या रोज अशाच रोळत: हलके तांदूळ पाण्यासोबत पुढच्या भांड्यात, जड खडे तळाशी. बाबाचा हात मात्र जरा आळशी होता.

पदर खोचून त्या पुढे गेल्या. पोत्यातून दोन ओंजळी घेतल्या, पाणी ओतलं, रोळलं. चकार शब्द नाही. तळाशी तोच काळा चुरा!

"बाईनं मनात मंत्र म्हटला!" बाबा कडाडला.

उषाबाईंनी परातीत आणखी दोन ओंजळी चुरा घालून ती निंबाच्या हातात कोंबली.

"अवं, माले मंत्र कोठे येस?" निंबा गांगरला. येत होत्या त्या फक्त मुकादमाला घालायच्या शिव्या. परात घुसळत त्यानं त्या सगळ्या घातल्या. काळा चुरा शिव्यांनाही तितकाच पावला.

"निंबाभाई, आ मंत्र मने पण शिखवाडो!" छगन म्हणाला, आणि मैदान खदखदलं.

उषाबाईंनी चारीत बसलेली वाळू ओंजळीनं उपसून बाबापुढे ठेवली. दर दोन ओंजळींत दीड ओंजळ पाप! म्हणजे दहा पोती रोळली तर उरणार जेमतेम अडीच, आणि नुसतं पाणी शिंपडलं तर पोतं फक्त ओलं होणार. बाबा लघुशंकेला म्हणून उठला, तो अजून परतायचा आहे.

दिवस मावळला. उषाबाईंनी दिवा लावला, हात जोडले आणि मग तोंड उघडलं.

"तांदूळ रोळताना मी रोज देवाचं नाव घेते. पण खडा तळाशी बसतो तो त्याच्या वजनानं. हे कबूल केलं म्हणून माझा देव रुसत नाही. कुणी चमत्कार दाखवला, की आधी स्वतःच्या हातानं करून बघावं. काय वाहून गेलं, तेही बघावं. आता पोत द्या इकडे."

निंबानं मूठ उघडली.