आता हिला तपासा

संजनाची आई ती लहान असतानाच गेली होती, म्हणून तिचं बाळंतपण सासरीच झालं. मखमलाबादच्या पुढे त्यांचा शेवंतीचा मळा. मुलगी झाली, पेढे वाटले गेले. येणारी प्रत्येक बाई बाळाचं नाक कुणावर गेलंय ते बघून जायची. संजनाला कसं वाटतंय, हे कुणी विचारलं नाही.

तिला झोप लागत नव्हती. बाळ रडलं की छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं. पाजताना ती भिंतीकडे बघत बसायची. "थकली असशील, होईल नीट," नवरा भारत म्हणायचा आणि फुलं घेऊन मार्केटला निघून जायचा.

एका दुपारी सासू, कुसाबाई, तोडणीवरून लवकर परतल्या. घरात बाळ एकटंच रडत होतं. संजना विहिरीच्या कठड्यावर बसली होती, पाय आत सोडून.

कुसाबाई ओरडल्या नाहीत. मागून जाऊन त्यांनी तिला घट्ट धरलं आणि मागे ओढून घेतलं. दोघी मातीतच बसल्या.

"आई, मला बाळाबद्दल काहीच वाटत नाही हो."

कुसाबाईंनी तिचा हात हातात घेतला. मग म्हणाल्या, "भारतच्या वेळी मलाबी नव्हतं वाटत. चुलीपुढं बसून रडायचे. कोणी विचारलं, तर धूर लागला म्हणायचे."

दुसऱ्या दिवशी त्या तिला घेऊन दवाखान्यात गेल्या. नर्सने बाळाला लस दिली, वजन केलं. "छान वाढतंय. या आता पुढच्या महिन्यात."

कुसाबाई उठल्या नाहीत. "बाळाचं झालं. आता हिला तपासा."

"टाके भरलेत ना तिचे? मग झालं की."

"टाक्याचं नाय म्हणत मी. काल ही विहिरीत पाय सोडून बसली होती. डॉक्टरीणबाई हिच्याशी बोलत नाय, तोवर मी हितून हलायची नाय."

रांग थांबली. मागच्या बायका आधी कुरकुरल्या, मग एकदम शांत झाल्या. चारचौघांत डोक्यावरचा पदर सरकू न देणारी, दिरांसमोर कधी तोंड न उघडणारी ही बाई! संजना तिच्याकडे बघतच राहिली.

डॉक्टरीणबाईंनी दार लावून घेतलं. "जीव द्यावासा वाटतो का गं?"

"हो," संजना म्हणाली, आणि तो शब्द बाहेर पडताच तिला हुंदका फुटला.

"हा आजार आहे. तू वाईट आई नाहीस. औषधाने बरं वाटेल."

लगेच बरं वाटलं नाही. गोळ्या सुरू झाल्या, मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे फेऱ्या झाल्या. बाळाची दुपटी भारत धुऊ लागला. संजनाला एकटीला कुणी सोडत नव्हतं, आणि नुसतं झोपून राहिली तरी कुणी बोलत नव्हतं.

एका सकाळी ती बाळाला तेल लावत होती. बाळाला शिंक आली, आणि स्वतःच्याच शिंकेने दचकून ते डोळे मोठे करून बघू लागलं. संजनाला खुदकन हसू आलं. मग ती स्तब्ध झाली. ही मुलगी आपल्या पोटातून आली? ही नखं, या पापण्या? तेलाचे हात तसेच ठेवून ती बघत राहिली, जणू कुणी बाळाला आत्ताच तिच्या मांडीवर आणून ठेवलं होतं.